नाक कुठे आहे?

पहिलं हेलिकॉप्टर पेट्रोलचं घेऊ नका. रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरबद्दल कुणी विचारलं की मी हे आधी सांगून टाकते. तळहाताएवढं, बॅटरीवर चालणारं घ्या, हॉलमध्ये सोफ्यावर आणि पडद्यांवर महिनाभर आपटा, मग त्याहून मोठं घ्या, आणि दोनेक वर्षांनी हौस शिल्लक राहिलीच तर पेट्रोलकडे वळा. सल्ला योग्य आहे. मला मात्र तो पाळता येणं शक्य नव्हतं. माझ्या हातात आलेलं पहिलंच हेलिकॉप्टर पेट्रोलचं होतं. वरचा पंखा दीड मीटरहून मोठा, वजन साडेपाच किलो, पोटात २६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. ते ज्यांचं होतं त्यांना ते उडताना नीट दिसेनासं झालं होतं.

त्यांना मी काका म्हणते. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी टूलरूममध्ये काढलेला माणूस. अजूनही एखादा स्क्रू बोटांत फिरवला की तीनचा आहे का चारचा ते न बघता सांगतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग बिघडायला लागला. कडेचं दिसतं, मधलं धूसर. समोर माणूस आहे हे कळतं, चेहरा ओळखू येत नाही. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्यांनी बिघाड थोपवून धरलाय एवढंच. हेलिकॉप्टर विकायला काढलंय असं त्यांच्या बायकोकडून कळलं, म्हणून मी सहज बघायला वर गेले. का विकताय, असं विचारलं तर म्हणाले, "चाळीस मीटरवर ते आहे एवढं कळतं गं. त्याचं नाक कुठे आहे ते कळत नाही."

तेव्हा मला ते वाक्य नीटसं समजलं नाही. मी म्हटलं, मला शिकवा. ते जरा गप्प बसले आणि म्हणाले, शिकणार असशील तर विकत नाही. पण सहा महिने हात लावू देणार नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ड्रोन उडवला असेल, निदान लग्नात डोक्यावर घोंगावताना तरी पाहिला असेल. ड्रोनचे चार पंखे सांभाळायला आत एक छोटा संगणक असतो. दोन्ही स्टिक सोडून तुम्ही चहा प्यायला लागलात तरी तो उपग्रहांवरून आपली जागा ओळखतो आणि तिथेच लटकून राहतो. काकांच्या हेलिकॉप्टरमध्ये असलं काही नाही. शेपटी सरळ ठेवायला एक जायरो, आणि वरच्या पंख्याला आडवी दांडी, तिच्या टोकांना दोन छोटी पाती. ही दांडी पंख्याच्या हालचाली थोड्या मंदावते, म्हणजे माणसाला विचार करायला अर्धा क्षण मिळतो. बाकी सगळं तुमच्यावर. हेलिकॉप्टर एका जागी शांत उभं दिसतं तेव्हा ते प्रत्यक्षात सतत कुठल्या ना कुठल्या बाजूला पडायला निघालेलं असतं, आणि उडवणारा सेकंदाला दोन-तीनदा ते पडणं मोडून काढत असतो. स्टिक सोडा, तीन-चार सेकंदांत ते जमिनीवर असेल, आणि बहुतेक आडवं.

एका स्टिकवर वर-खाली आणि शेपूट. दुसरीवर पुढे-मागे आणि डावी-उजवी कलणी. वर जायचं म्हणजे पंखा जास्त जोरात फिरवायचा नसतो. पंखा एकाच वेगानं फिरत राहतो, त्याच्या पात्यांचा तिरकेपणा वाढवायचा असतो. तिरकेपणा वाढला की हवेचा विरोध वाढतो, इंजिन दबतं, म्हणून त्याच वेळी पेट्रोलही जास्त सोडावं लागतं. इंजिनाने जोर वाढवला की अख्खं धड उलट्या दिशेला वळू बघतं, म्हणून शेपटीच्या पंख्याला जास्त ढकलावं लागतं. आणि शेपटीचा पंखा ढकलतो तेव्हा सगळं यंत्र बाजूला सरकतं, म्हणून किंचित कलवून धरावं लागतं. आमचं हेलिकॉप्टर जमिनीवरून उठताना नेहमी उजवीकडे जरासं झुकतं, डावा पाय आधी उचलतं. पहिल्यांदा ते बघून पोटात गोळा येतो. पण ते तसंच असायला हवं.

आणि मग नाक. शेपूट तुमच्याकडे आणि नाक पलीकडे असेल तेव्हा तुमची उजवी ती त्याची उजवी. स्कूटर चालवण्यासारखं. नाक तुमच्याकडे वळलं की सगळं उलटं. ते तुमच्या उजवीकडे घसरायला लागतं, तेव्हा त्याच्या हिशेबाने ते डावीकडे घसरत असतं, आणि सावरायला तुम्हाला उजवी स्टिक उजवीकडेच ढकलावी लागते, म्हणजे ज्या बाजूला ते पळतंय त्याच बाजूला. हात हे मान्य करत नाही. हाताला वाटतं, ते उजवीकडे चाललंय तर डावीकडे ओढा; आणि ओढलं की ते दुप्पट वेगानं उजवीकडे जातं. तीस-चाळीस मीटरवर हेलिकॉप्टर म्हणजे आभाळावर एक काळी आकृती. तिचं नाक इकडे आहे की तिकडे, हे क्षणभर जरी सुटलं तरी हातात काही उरत नाही. काकांचं वाक्य मला सिम्युलेटरवर बसले तेव्हा समजलं.

सहा महिने सिम्युलेटर. लॅपटॉपला खराखुरा ट्रान्समीटर जोडायचा, पडद्यावर एक मैदान, मैदानात एक हेलिकॉप्टर. ऑफिसमधून आल्यावर रोज अर्धा तास. पहिला महिना फक्त शेपूट आपल्याकडे ठेवून एका जागी उभं राहणं. मग डावी बाजू आपल्याकडे, मग उजवी, शेवटी नाक. गोल चकरा, उलट्या उड्या वगैरे यूट्यूबवर दिसतं त्यातलं काहीही नाही. काका शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि दर काही सेकंदांनी विचारायचे, "नाक कुठे आहे?" मी मोठ्याने उत्तर द्यायचं: समोर, डावीकडे, माझ्याकडे. त्यांना पडदा धूसर दिसायचा. त्यांना उत्तर तपासायचं नसायचंच. प्रश्न आला की माझं लक्ष कुठे होतं ते मलाच कळायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हा त्यांचा एकमेव कडक नियम होता. मला अर्धा तास एका गोष्टीकडे बघत राहण्याची सवयच उरलेली नव्हती, हेही तिथे लक्षात आलं, पण तो वेगळा लेख होईल.

पेट्रोलच का, हे मी काकांना विचारलं होतं. रिमोटची हेलिकॉप्टरं तशी जुनी नाहीत. १९७० च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्यूटर या इंजिनिअरने पहिल्यांदा खात्रीने ताब्यात राहणारं मॉडेल हेलिकॉप्टर उडवून दाखवलं, मग त्याची जोडायची किट बाजारात आली. तेव्हापासून कितीतरी वर्षं या हेलिकॉप्टरांत मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं मिश्रण जाळणारी छोटी इंजिनं असायची. ताकद भरपूर, इंधन महाग, आणि उडवून झालं की सगळं यंत्र तेलात न्हालेलं. पुढे बॅटऱ्या सुधारल्या आणि आज बहुतेक लोक बॅटरीवरच उडवतात. बॅटरी स्वच्छ, आवाज कमी, जोर तात्काळ. फक्त एवढ्या मोठ्या हेलिकॉप्टरची बॅटरी सहा-आठ मिनिटांत संपते, आणि तशा चार बॅटऱ्या घ्यायच्या तर खिसा रिकामा. पेट्रोलचं इंजिन जड, थरथरणारं, तापणारं; स्टिक हलवल्यावर जोर यायला किंचित वेळ घेणारं. कसरती करायच्या असतील तर ते निराश करेल. पण आमच्या टाकीत अर्धा लिटर मावतं, त्यावर वीस-पंचवीस मिनिटं आरामात उडता येतं, आणि परत भरायला दोन मिनिटं लागतात. शिकणाऱ्याला उंच उड्या नको असतात, वेळ हवा असतो. वेळ स्वस्तात हवा असेल तर पेट्रोल, असं काकांचं गणित.

गणितात एक गोष्ट धरलेली नव्हती. पेट्रोल आणायचं कसं? पंपावर बाटलीत देत नाहीत, आणि देऊही नये. धातूचा डबा घेऊन गेलं तरी शंभर प्रश्न. "कशाला पाहिजे?" हेलिकॉप्टरला, असं खरं उत्तर दिलं तर पंपावरचा मुलगा आधी हसतो आणि मग मॅनेजरला हाक मारतो. आता मी ग्रासकटरला म्हणते. ते तसं खोटंही नाही, कारण ही इंजिनं मूळची तिथलीच. झेनोआ ही जपानी कंपनी गवत कापायच्या यंत्रांची इंजिनं बनवते, आणि मॉडेलवाल्यांची लाडकी पेट्रोल इंजिनंही त्याच घराण्यातली. तोच छोटा सिलिंडर, दोरी ओढून सुरू करायची तीच तऱ्हा, चक्राच्या चुंबकावर पडणारी तीच ठिणगी. वेग वाढला की आपोआप पकडणारा क्लचही तसाच. गवताच्या पात्याऐवजी वर पंखा लावलाय एवढाच फरक, असं काका म्हणतात, आणि मग लगेच तो फरक तासभर समजावून सांगतात.

पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळावं लागतं, कारण या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. आम्ही ३२ ला १ धरतो, म्हणजे लिटरला साधारण ३१ मिलिलिटर. ते औषधाच्या सिरिंजने मोजायचं, अंदाजाने ओतायचं नाही. नवीन इंजिन असेल तर सुरुवातीच्या काही टाक्या तेल जास्त आणि मिश्रण जरा पेट्रोलने गच्च ठेवायचं.

दोन वर्षं कपाटात राहिलेलं इंजिन सुरू झालं खरं, पण चालेना. नुसतं ठेवलं की गुरगुरायचं, जोर मागितला की उपाशी असल्यासारखं खाली बसायचं. काकांनी प्लग काढून माझ्या हातात दिला. "रंग सांग." मी म्हटलं, पांढरट. चांगल्या चाललेल्या इंजिनाचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. काळा-तेलकट म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त, इंजिन आतून भाजतंय. कार्बोरेटरला दोन सुया असतात, एक कमी वेगासाठी, एक जास्त वेगासाठी. आम्ही त्या दोन्ही फिरवून पाहिल्या. फरक नाही.

त्याच आठवड्यात मी गुहागरला मामाकडे जाणार होते. पावसाळा संपला होता, बागांमधून बेणणी चालू होती, म्हणजे प्रत्येक काजूच्या बागेतून ग्रासकटरचा आवाज. मामाचं मशीन ज्यांच्याकडे दुरुस्तीला जातं त्यांच्याकडे मी कार्बोरेटर रुमालात गुंडाळून नेला. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, भिंतीवर वीस-पंचवीस मशीनं टांगलेली. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला. चार स्क्रू काढले, आतला पातळ काळा पडदा चिमटीत धरून वाकवला. वाकला नाही, कागदासारखा कडकला.

"ताई, हा मेला. कुठल्या मशीनचा?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कार्बोरेटरकडे. "वर जातं काय ते?"

"जातं. पण सध्या नाही."

"नाही जाणार. ह्यो पडदा पेट्रोल ओढतो. कडक झाला म्हणजे पेट्रोल पुरं पडत नाही, दाब द्याल तशी उपासमार. आता पेट्रोलमध्ये ते स्पिरिट घालतात ना, तेव्हापासून हेच चाललंय. सीझन संपला की लोक टाकी भरलेली ठेवून देतात. मग आहे आमचा धंदा."

ते स्पिरिट म्हणजे इथेनॉल. ई-२० पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या धाटणीच्या रबरी भागांशी त्याचं जमत नाही. मोटारीचा पंप हे सोसतो, नाण्याएवढ्या पडद्याला जड जातं. मिस्त्रींनी खोक्यातून पाच-सहा प्रकारचे पडदे काढले, जुना प्रत्येकावर ठेवून भोकं जुळवली, आणि एक तंतोतंत बसला. पैसे विचारले तर म्हणाले, पडद्याचे द्या. निघताना बजावलं, वापरून झालं की टाकी मोकळी करायची आणि कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत मशीन चालवायचं. "आणि सुया आता मी हितल्या हवेवर बसवल्यात. पुण्याला वर जाल तेव्हा थोड्या आवळाव्या लागतील."

पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. हवा तेवढी विरळ, म्हणून पेट्रोलही तेवढं कमी लागतं. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. काकांना त्या मिस्त्रींचं एवढं कौतुक वाटलं, की पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी एक जुना टूलरूममधला मायक्रोमीटर पाठवला.

उडवायला जागा हवी. पुणं त्या बाबतीत अवघड शहर आहे. लोहगावचा विमानतळ, लष्कराच्या जागा. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेलांची वेगळी व्याख्या आहे: २५ किलोपर्यंत वजन, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, आणि कायम नजरेच्या टप्प्यात. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर कुठे हिरवा, कुठे पिवळा, कुठे लाल पट्टा आहे ते दिसतं. निघण्यापूर्वी तो पाहायचा. आम्ही मोरगावच्या अलीकडे काकांच्या एका मित्राच्या पडीक माळावर जातो. सकाळी साडेसहाला पोहोचायचं, वारा उठायच्या आत दोन टाक्या संपवायच्या.

पहिल्या सकाळी काकांनी इंजिनाला हात लावण्याआधी मला एक गणित घालायला लावलं. पंख्याचा व्यास १.६ मीटर, मिनिटाला १६०० फेरे. टोकाचा वेग किती? फोनवर गुणाकार केला: ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास. ते म्हणाले, परत कर. परत केला, तेवढाच आला. "आता ते लक्षात ठेव आणि फोन गाडीत ठेव."

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका बागेत १९ वर्षांचा एक मुलगा स्वतःचं रिमोटचं हेलिकॉप्टर उडवताना त्याच्याच पात्याने मेला. नवशिका नव्हता, चांगला उडवणारा होता. काकांनी मला हे सांगितलं, तेव्हा आवाज अजिबात चढवला नाही. मला वाटतं, या छंदाबद्दल लिहिणारे लोक हा भाग घाईघाईने उरकतात, चष्मा घाला, अंतर ठेवा, वगैरे. मी आठवडाभर विचार केला की हे करायचं का. माझ्यापुरतं ठरलं ते असं, की चूक झालीच तर ती फक्त माझ्या अंगावर यावी, अशी जागा असेल तरच इंजिन सुरू करायचं. म्हणजे सोसायटीचं मैदान नाही, शाळेचं नाही, गणपतीच्या मिरवणुकीत तर नाहीच. दोनदा विचारणा झाली होती.

माळावर माणसं येतातच. शेरडं घेऊन एक आजोबा येतात, सायकलवरून दोन-तीन पोरं. काकांनी नायलॉनच्या दोरीने हद्द आखलीये, ती ओलांडून कुणी आत आलं की हेलिकॉप्टर खाली आणि इंजिन बंद. मग गप्पा. आजोबांनी पहिल्या दिवशीच विचारलं, "फवारणीचं हाय का?" आता गावोगावी फवारणीचे ड्रोन पोहोचलेत, त्यामुळे प्रश्न रास्तच. गंमत म्हणजे असं पेट्रोलचं हेलिकॉप्टर फवारणी करायचं, फक्त ते जपानात. यामाहाने १९८० च्या दशकातच भातशेतीसाठी माणसाशिवाय उडणारं हेलिकॉप्टर विकायला काढलं होतं. पुढे १९९७ मध्ये त्यांचं आरमॅक्स आलं, त्यात २४६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. शेतकरी बांधावर उभा राहून रिमोटने ते चालवायचा. मी हे आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्याला टाकी कुठंय औषधाची?"

उडवण्याआधीची तपासणी आम्ही वाटून घेतलीये. प्रत्येक छोटी दांडी ज्या गोळीवर बसते ती ओढून पाहणं, पात्यांचे बोल्ट, शेपटीचा पट्टा, हे काका बोटांनी करतात. डोळ्यांचं काम माझं. दोन पात्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावलेली असते. पंखा फिरताना दुरून त्याची कड बघायची. एकच रेघ दिसली तर ठीक. दोन दिसल्या तर एक पातं वर चालतंय, यंत्र थरथरणार. "लाल वर का पिवळी?" पिवळी. इंजिन बंद, पंखा पूर्ण थांबू द्यायचा, एक दांडी अर्धा फेरा फिरवायची, परत सुरू. त्याआधी ट्रान्समीटर बंद करून बघायचं, की सिग्नल तुटला तर इंजिन खरोखर मंदावतं का. हे दर रविवारी. मला कंटाळा येतो, पण सांगत नाही.

पायांखाली आम्ही फायबरच्या दोन काठ्या फुलीसारख्या बांधल्या होत्या, चार टोकांना चार प्लास्टिकचे चेंडू. शिकणाऱ्याचं हेलिकॉप्टर कलून आडवं होऊ नये म्हणून जगभर हीच युक्ती करतात. पहिली टाकी नुसती माळावर घसरण्यात गेली. जमिनीपासून वीतभर उंचीवर पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत वर येते, आणि हेलिकॉप्टर त्या उशीवर तेलावरून घसरल्यासारखं इकडेतिकडे जातं. कमरेएवढ्या उंचीवर गेल्यावर ते शांत होतं. आणि तिथे जाण्याची हिंमत होत नाही, हा सगळा घोळ. चौथ्या रविवारी गेले. सिम्युलेटरवर न येणारी एक गोष्ट तिथे होती: वारा. पंख्याचा वारा पायजम्यावर येऊन आपटतो, धूळ आणि वाळलेलं गवत उडतं, आणि छातीत इंजिन वाजतं. मिनिटभराने पोटऱ्या दुखायला लागल्या. मी उभीच होते, तरी दुखल्या.

सातव्या की आठव्या रविवारची गोष्ट. टाकी अर्धी झाली होती, हेलिकॉप्टर डोक्याच्या उंचीवर, डावी बाजू माझ्याकडे. काका माझ्या मागे, पाठ करून उभे होते. उन्हाकडे बघवत नाही म्हणून ते तसेच उभे राहतात. एकदम म्हणाले, "उतरव."

मला काहीच वेगळं दिसत नव्हतं.

"उतरव. आवाज कोरडा झालाय."

मी शेपूट माझ्याकडे वळवली आणि खाली आणायला लागले. गुडघ्याच्या उंचीवर असताना इंजिन एकदा चढलं, किंकाळल्यासारखं, आणि बंद पडलं. पंख्यात उरलेल्या फिरण्यावर ते धप्पकन बसलं. चेंडू दबले, पुन्हा फुगले, संपलं. डोक्याच्या उंचीवर इंजिन गेलं असतं तर हात बसलेला माणूससुद्धा त्याला जेमतेम वाचवू शकला असता. तेवढ्या उंचीवरून पंख्याला पुन्हा वेग घेऊ द्यायला वाव नसतो, आणि नुसतं टेकवण्याएवढी कमीही ती नसते. टाकी उघडली तर आतली मऊ नळी, जी पेट्रोलच्या तळाशी लोळत असते आणि कुठल्याही कलावर पेट्रोल खेचत राहते, मानेपाशी चिरली होती. दोन महिन्यांपूर्वी नवी घातली होती. टाकी निम्म्याखाली गेली तशी चीर उघडी पडली आणि इंजिन हवा प्यायला लागलं. काकांनी नळी नखाने दाबून पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आता दर महिन्याला बदलायची.

कोरडा आवाज म्हणजे काय ते मी तेव्हापासून शिकतेय. पेट्रोल जास्त असेल तेव्हा इंजिन मधूनमधून अडखळतं, घशात कफ असल्यासारखं. बरोबर असेल तेव्हा भरीव, सलग. कमी पडायला लागलं की आवाजातला लठ्ठपणा जातो आणि एक पातळ धार उरते. मला ती धार अजून दहातल्या चार वेळा ऐकू येते. काकांना ती इमारतीतल्या कुणाच्या स्कूटरमध्येसुद्धा ऐकू येते आणि ते जिन्यात थांबून तसं सांगतात.

नाक माझ्याकडे करून पूर्ण एक टाकी उडवायला मला चौदा महिने लागले. चेंडू आणि काठ्या त्याआधीच काढल्या होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात काकांनी कपाटातून जुना दुसरा ट्रान्समीटर काढला आणि एक केबल. शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा असे दोन ट्रान्समीटर केबलने जोडता येतात. शिकवणारा एक बटण दाबून धरतो तोवर हेलिकॉप्टर शिकणाऱ्याच्या हातात, बटण सोडलं की क्षणात त्याच्याकडे परत. मला वाटलं, माळावरच्या पोरांपैकी कुणाला शिकवायचं असेल. माळावर गेल्यावर त्यांनी बटणवाला ट्रान्समीटर माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतःच्या गळ्यात अडकवला.

मी हेलिकॉप्टर कमरेच्या वर नेऊन, शेपूट आमच्याकडे ठेवून, बारा मीटरवर उभं केलं. वारा नव्हता. "दे," म्हणाले. मी बटण दाबलं.

"नाक समोर," मी म्हटलं. "समोर. समोर. उजवीकडे वळतंय. समोर आलं. जरा पुढे चाललंय. थांबलं. समोर."

ते हेलिकॉप्टरकडे बघत नव्हते, त्याच्या जरा डाव्या बाजूला बघत होते. तसं केलं की कडेच्या नजरेत ते येतं. आवाज सलग होता. मी मनात मोजत होते. एकेचाळीसला त्यांनी "घे" म्हटलं, मी बटण सोडलं आणि खाली उतरवलं. पंखा थांबेपर्यंत दोघंही बोललो नाही. शेरडंवाले आजोबा दोरीपलीकडून म्हणाले, "आज मास्तरांनी चालिवलं का?"

टाकीत बरंच पेट्रोल उरलं होतं. ते डब्यात काढलं, उरलेलं कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालवलं, पाती काढून कापडात गुंडाळली. गाडीत बसताना काका म्हणाले, बुधवारी इंजेक्शन आहे, आठ दिवस धूळ नको म्हणतील. म्हणजे पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढच्या रविवारी यायचं, पण सहाला निघू, साडेसहाला ऊन लागतं.